थांब, तीन सेकंद

चौदा हजार ओळी. सी भाषेतल्या.
लिहिणारे हळबे, सत्त्याण्णव साली,
पवईच्या पंपघरात, ज्या खोलीत आता
जुने मीटर आणि एक मोडकी सायकल ठेवतात.
घाटकोपरच्या टेकडीवरच्या टाकीत
कधी, किती पाणी सोडायचं
ते अजून त्याच ओळी ठरवतात.

मला सांगितलंय, नव्या भाषेत लिही. सुरक्षित.
भाषेचं नाव रस्ट. म्हणजे गंज.
व्हॉल्व्हवर तीस वर्षं काढलेले घरत हसले,
"एवढा खर्च करून गंजच आणला?
तो तर आमच्याकडे फुकट येतो, खाडीवरून."

कागदावर चौकोन काढून मी त्यांना सांगत होते,
जुन्या भाषेत कुणाचाही पत्ता लिहून ठेवता येतो.
खोली पाडली, माणसं विरारला गेली,
त्या जागी दुसऱ्याच कुणाचं देवघर आलं,
तरी चिठ्ठी जुन्याच पत्त्यावर जाते
आणि दार उघडणारा ती आपलीच समजून वाचतो.
"मग?"
मग काहीच होत नाही. वर्षानुवर्षं.
आणि एखाद्या मंगळवारी
भरलेली टाकी रिकामी दिसते.

नव्या भाषेत मालक एकच.
उसनं न्या, बघा, बदलायचं तर एकट्याने बदला,
आणि मालक जायच्या आत परत करा.
नाहीतर प्रोग्राम तयारच होत नाही.
"असा घरमालक आमच्या चाळीला हवा होता," घरत म्हणाले,
"तीन दावे वाचले असते."

दोन महिने तो घरमालक माझ्याशी भांडला,
लाल अक्षरांत, रात्री अकरालाही.
दर वेळी त्याचंच बरोबर निघालं
आणि सहा ठिकाणी हळबेंचं चूक.
एकदा तर मी मोठ्याने "अहो हळबे!" म्हणाले,
दूध उतू जाऊ देणाऱ्या माणसाला म्हणतात तसं.

मग ओळ नऊ हजार दोनशे अकरा.
थांब, तीन सेकंद.
वर रोमन लिपीत मराठी शेरा: हात लावू नये. ह.
कारण नाही.
कंपायलरची ना हरकत,
ठेवली तरी, काढली तरी.
मी काढली.

चाचणीच्या पाइपवर व्हॉल्व्ह मिटला
आणि भिंतीत कुणीतरी घण घातला.
गेजचा काटा पार टोकाला.
घरत धावत आले, अर्धा चहा मनगटावर.
"मला विचारायचं की."

हळबे आता मुलुंडला. कमी ऐकू येतं,
फोन सून धरते.
"पाणी पळत येतं हो," ते म्हणाले,
"पळत्याच्या तोंडावर दार आपटू नये.
अर्धं लोटायचं. थांबायचं. मग लावायचं."
हे लिहिलं का नाहीत?
बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.
"तेव्हा सगळ्यांना माहीत होतं."

जिथे लोखंडाला हात लावायचा
तिथे नवी भाषाही मागे सरते. म्हणते,
पुढचं मला दिसत नाही,
'असुरक्षित' असं लिही आणि तुझं तू बघ.
तशा अकरा ओळी.
त्यांच्या डोक्यावर मी हळबेंचं वाक्य घातलं,
देवनागरीत, दारासकट.

बुधवारी पहाटे चार दहाला
जुनं बंद, नवं चालू.
घरत पाइपला कान लावून उभे.
मी मोजत होते, मनात नाही, तोंडाने.
एक.
दोन.

असल्फ्याच्या कुठल्याशा गल्लीत नळ खोकला असेल,
कुणी शिव्या घालत पिंप सरकवलं असेल.
आम्हाला काही ऐकू आलं नाही.
घरतांनी कान काढला, मान हलवली,
चहा सांगायला निघाले.
त्यांच्या गालावर पाइपचा तांबूस पट्टा उमटला होता.
मी सांगितलं नाही.