परत आलेली मोटर

चिंचोळी एमआयडीसीत आज एक खोकं परत आलं.
पत्ता सोलापूरचा, बाकी सगळं परक्या लिपीत.
आत जळालेली मोटर.
वास तोच,
घरी लूमची मोटर बसायची तेव्हाचा.
अप्पा शिवी तेलुगूत द्यायचे,
हिशेब मराठीत.

झाकण काढलं.
तांब्याचे तीनशेवीस वेढे, काळेठिक्कर.
टोकाला आवळलेला दोरा मात्र
होरपळून शाबूत,
आणि त्याला गाठ, चार्टवर नसलेली:
तुटला ताणा जोडायची,
आमच्या घरची.

म्हणजे ही माझीच.

सुपरवायझर चिप्पा विचारतात,
कारण काय लिहू?
लिहा, लोड जास्त झाला.

ते वळल्यावर गाठ कापली,
टिफिनच्या फडक्यातून
कडक भाकरीचा चुरा झटकला
आणि तिथं ठेवली.