पाचवा रकाना

बुसानच्या तिसऱ्या गोदामात
ताक इन-ग्यू सतरा वर्षं खतावणी लिहीत होता.
रकाने पाच : माल, नग, तारीख, जहाज, किंमत.
पाचव्यात नेहमी आडवी रेघ.
ती मारायला त्याला पट्टी लागत नसे.

यायचं ते सगळं वापरलेलं.
एका रायफलच्या दस्त्यावर कुणीतरी चाकूनं कोरलेलं
बाईचं नाव, त्याला नीट उच्चारता न येणारं.
ट्रकच्या बैठकीखाली वाळून खडा झालेलं च्युइंग गम.
कोण बोलणार? धर्माची गाय,
तिचे दात कुणी मोजत नाही.
गोदामाच्या दारावर दोन हात, एकमेकांत गुंफलेले.
खारा वारा दर हिवाळ्यात त्यातलं एखादं बोट खायचा,
दर वसंतात इन-ग्यू ते परत रंगवायचा.

मग सोलहून पत्र आलं, पातळ कागदावर :
यापुढे पाचवा रकाना भरावा.
डॉलरमध्ये. खाली व्याजाचा दर.

कॅप्टन मेंग म्हणाला, "बरंच झालं की!
आता आपण गिऱ्हाईक. गिऱ्हाईकाला तोंड असतं."
त्या दिवशी त्याचे बूट जरा जास्तच चमकत होते.
इन-ग्यूलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोला.
पहिल्याच खेपेत त्यानं दात मोजले :
एकशे चाळीस पेट्या, नऊ गंजलेल्या.
तक्रार टाइप केली, दोन बोटांनी, तीन प्रतींत.
उत्तर जूनमध्ये आलं.
माल आहे त्या स्थितीत विकलेला आहे.
पत्राबद्दल आभार.

आभार.
हा शब्द आजवर इथून तिकडे जायचा.

छुसॉकच्या सणाला धाकटी बहीण आली, ग्वी-रे,
गुरोमधल्या केसांच्या टोपांच्या कारखान्यातून.
पेरापेरावर सुईची भोकं.
"रात्रपाळी वाढवलीय," ती म्हणाली,
"देशाला डॉलर हवेत म्हणे.
एका टोपाला हजारो गाठी, दादा,
आणि तिकडच्या बायका म्हणे तो लग्नाला एकदा घालतात."
आई काही बोलली नाही.
तिनं स्वतःचे केस विकले त्याला सात वर्षं झाली,
डोक्याचा रुमाल अजून सुटलेला नव्हता.

सगळे झोपल्यावर तो कॅलेंडरची पाठ घेऊन बसला.
एक तोफगोळा म्हणजे चार टोप,
वर मूठभर केस.
व्याज धरलेलं नाही.

पहाटे डोंगरापलीकडे तोफांचा सराव सुरू झाला.
काचा थरथरल्या.
पूर्वी तो कूस बदलायचा.
आता मोजत राहिला : चार, आठ, बारा,
मध्ये एक बार फुसका गेला,
तोही धरला.
शेजारी ग्वी-रे तोंड उघडं टाकून झोपली होती,
बोटं झोपेतही गाठ मारत होती.

वसंतात त्यानं रंगाचा डबा उघडला
आणि दारापाशी नुसता उभा राहिला.
उजव्या हाताचं, का डाव्या, एक बोट गेलेलं.
दोन्ही हात एकाच रंगाचे, कुठला कुणाचा कळेना.
आणि या रंगाचे पैसे कुणाच्या नावे टाकायचे
ते पत्रात लिहिलं नव्हतं.