धरून ठेवा

आमच्या भिशीत नऊ जण. कंपनीचे शेअर एकशेदहा,
सगळे मिळून.
तरी चंद्राप्पा हलगेकर बोलतो असा
जशी उद्यमबागेतली फौंड्री विकून
अख्खी कंपनीच घेतलीय त्यानं.

बैठक शहापुरात, मेणशांच्या साड्यांच्या दुकानावर, माडीत.
मागच्या गल्लीतल्या मागांची खडखड थांबली
की ओळखायचं, लाईट गेली.
वाद अंधारातही चालतो.

शनिवारी सकाळी नवा फोन यायलाय,
कॉलेज रोडच्या शोरूमला शुक्रवार दुपारपासूनच रांग,
आणि कंपनी म्हणते, लोकांचं प्रेम.

"प्रेमच की!" हलगेकर म्हणाला.
"रात्रभर फुटपाथवर माणसं, पेपरात फोटो, सोमवारी भाव वर.
टोकन कशाला वाटायचं? घरपोच कशाला?
मांडव रिकामा दिसला तर आहेर कोण करील?"

कॅम्पातल्या फ्लोरिन लोबोबाई
चष्मा पुसत राहिल्या, वर्ग शांत व्हायची वाट बघत असल्यासारख्या.
"मागच्या खेपेला हुबळीत काच फुटली.
एका पोराच्या हाताला सतरा टाके."
"विमा होता की ओ बाई."
"पोराचा?"
"काचेचा."

गुरुसिद्दप्पा अंगडी मराठीत भांडतो,
हिशेब आला की कन्नडात जातो.
बांबू, दोर, दोन रखवालदार, ऐवत्तु, अरवत्तु...
त्याची बोटं टेबलावर मोजत राहिली
आणि बेरीज झाल्यावर त्यानं एवढंच सांगितलं,
टोकनापेक्षा ढकलाढकली स्वस्त.

कंपनीला पत्र लिहायचं ठरलं. लिहिणार मी.
खजिनदार आहे, अक्षर बरं आहे.
"आधी बघून ये," लोबोबाई म्हणाल्या.

रात्री साडेनऊला स्कूटर लावली.
गणपतीतले उरलेले बांबू, कंपनीच्या रंगाचे फुगे,
टोपी घातलेलं एक पोरगं
कुंद्याचा घास फुकट वाटत होतं
आणि पाण्याची बाटली विकत.
मोजली रांग. दोनशे चौदा.

एकोणिसाव्या नंबरला कडोलीची एक बाई,
कमरेला बटणांचा फोन खोचलेला.
"कुणासाठी उभ्या आहात?"
"मालकासाठी. तीनशे रुपये, नाष्टा वेगळा."
"मालक कोण?"
"बघितला नाही अजून. सकाळी येईल की."
"अशा किती जणी?"
तिनं मागं वळून बघितलं,
कापणीला आलेल्या रानाकडं बघतात तसं.
"आमच्या गल्लीच्या एकतीस. काकतीच्या निराळ्या.
ती खाली बसून भाकरी सोडायलीत ना,
ती सगळी आमचीच."

मग आवाज खाली आणून म्हणाली,
"ताई, एवढी जागा धरा.
दुपारपासून गेले नाही. हे आत सोडत नाहीत.
स्टँडवर जाऊन येते."

मी उभी राहिले.
"ओ बाई, मधेच कुठं?"
"जागा धरलीय."
"कुणाची?"
नाव विचारलंच नव्हतं.

फोन वाजला. हलगेकर.
"किती?"
"दोनशे चौदा, पण..."
"म्हटलं नव्हतं! एक शेअर विकू नका. धरून ठेवा!"
मागं गुरुसिद्दप्पा गुणाकार करत होता, मोठ्यानं,
आणि पुन्हा कुणीतरी चहा मागवत होतं.
मला सांगायचं होतं की यातल्या निम्म्यांना
हा फोन कसा दिसतो तेही ठाऊक नाही,
पण तेवढ्यात रांग सरकली
आणि तिच्याबरोबर मीही,
घाईनं, कुणी पुढं घुसेल म्हणून.

पत्राची पहिली ओळ तिथं सुचली:
महोदय, तुमच्या दुकानाबाहेर संडास नाही.
दुसरी अजून सुचायची आहे.

अर्ध्या तासानं ती आली, पदराला हात पुसत.
"सरकली?"
"एक पाऊल."
"बरं झालं," म्हणाली,
आणि मी पाय उचलायच्या आधीच
माझ्या पायाला लागून
आपली चप्पल ठेवली.