मोजा

लिस्बनहून परतताना तिसऱ्या दिवशी
डाव्या पोटरीनं बूट नाकारला.
म्हटलं, वय झालं.
पोलंडच्या हद्दीत ती तव्यासारखी तापली,
आणि पानेवेझिसला ट्रक लावला तेव्हा
पाय माझा राहिलाच नव्हता,
कुणी तरी सांभाळायला दिलेला.

डॉक्टर ग्राझविदा, माझ्या मुलीच्या वयाची,
पोटरीवर थंड जेली फासून पडद्यात बघत राहिली.
दाबलं तरी शीर मिटेना.
"इथं बसलीय," ती म्हणाली,
सोफ्यावरून न उठणाऱ्या पाहुणीबद्दल बोलावं तसं.

मग तिनं वाटा सांगितल्या.
मी पावतीच्या पाठीवर उतरवून घेतल्या,
टोलनाके उतरवतो तशा.

आधी पोटात सुई, बेंबी सोडून.
औषध डुकराच्या आतड्यातून काढतात म्हणे.
वीस वर्षं मी गोठवलेली डुकरं दक्षिणेला ओढली.
त्यातल्या एखाद्यानं हिशेब चुकता केला असणार.

मग गोळी. जुनी की नवी?
जुनी स्वस्त, पण सारखं रक्त तपासायचं,
आणि कोबी आज ढीगभर, उद्या नाहीच,
असलं चालायचं नाही.
मला आईची गाय आठवली:
बुरशी धरलेलं बर्कूनासचं गवत खाल्लं,
आणि शिंगाच्या एवढ्याशा जखमेतून
रात्रभर वाहत राहिली.
"तेच गवत," डॉक्टर हसली,
"तिथूनच सुरुवात झाली. आता आम्ही तोलून देतो."

नवीला तपासण्यांचा जाच नाही,
फक्त एकही चुकवायची नाही.

आणि नळी घालून गाठ विरघळवणं?
"वर जांघेपर्यंत चढली असती, तर विचार केला असता.
त्यात मेंदूत रक्त सांडायची भीती असते."
आणि ती जाळी, आमच्या रोमुआल्दासच्या पोटात बसवलेली?
"त्यांना रक्त पातळ करणं परवडत नव्हतं.
तुम्हाला परवडतं."

नवी घेतली. निदान तीन महिने, पुढचं पुढे.
उठता उठता विचारलं, "म्हणजे गोळीनं गाठ जाईल?"
"नाही हो. गोळी तिला फक्त वाढू देत नाही.
विरघळवायचं ते तुमचं शरीर विरघळवेल,
त्याच्या चालीनं.
कधी कधी थोडा वण राहतो."

घरी स्किरमान्ते मार्चपासून
मिठापुरतं बोलते.
तिच्या भावाला मातीत ठेवत होते तेव्हा मी
झारागोझाच्या पार्किंगमध्ये
कागदावर शिक्का मिळायची वाट बघत होतो.
फोन केला होता.
फोनच केला होता.

मोजा सकाळी चढवायचा, सूज उतरायच्या आत.
घट्ट, कातडीच्या रंगाचा, म्हातारीचा वाटतो.
माझा हात पोटावरून तिथवर पोचत नाही.
पहिल्या दिवशी पलंगाच्या कडेवर मी शिव्या घालत होतो,
ती दारात.
मग बीट सोलायचे रबरी हातमोजे घालून आली,
जमिनीवर बसली,
टाच टाचेवर बसवली,
सुरकुती काढली.
बोलली काही नाही.
कापड बोट बोट वर सरकत गेलं.

आज एकोणिसावा दिवस.
ट्रक दुसऱ्याच्या हाती, मी तळ्यापर्यंत चालून येतो.
शिवणाच्या टेपनं घेर मोजतो:
काल अर्धा सेंटिमीटर कमी,
आज पुन्हा तेवढाच.

सकाळी मोजा चढवताना
मान वर न करता ती म्हणाली,
"नखं वाढलीत तुझी."
आणि कात्री आणायला गेली.