मानशीवर

चोडणच्या मानशीवर इनास कंदील टांगायचा,
पाण्यापासून वीतभर वर.
ओहोटी लागली की दारं उचलायची, जाळं लावायचं
आणि गप्प बसायचं.
कोळंबी उजेडावर यायची.
"उजेडावर नाही रे," विडी कानामागे खोचत तो म्हणायचा,
"सगळीकडे काळोख आहे, म्हणून."

वेळ तो तिकांड्याला विचारायचा.
तिकांडं माडाच्या शेंड्याला टेकलं की दारं पाडायची.
घड्याळ होतं घरी, लग्नातलं.
बंदच असायचं.

आता पलीकडे पणजी झोपत नाही.
मांडवीत नांगरलेल्या कॅसिनोंचा गुलाबी, मग हिरवा,
मग पुन्हा गुलाबी
चिखलावरून सरपटत येतो इथवर.
माडाला शेंडा आहे अजून,
त्याला टेकायला काही येत नाही.
मी मोबाइल बघून दारं पाडतो.
कंदील टांगतो, सवय म्हणून.
जाळ्यात चार खेकडे, एक बाटली.

परवा अमावस्या.
बांधावरून घरी परतताना
कुणीतरी पुढं चाललेलं दिसलं,
लांबुळकं, खांद्यावर जाळं.
"इनास?" म्हटलं.
थांबलो,
तर तेही थांबलं.