आवाज करून दाखवा

ग्लेंडँबोच्या पेट्रोलपंपामागे,
जिथे सावली विकायला काढली असती
तर डिझेलपेक्षा महाग गेली असती,
तिथे आमची गाडी उभी आहे.
सत्त्याऐंशी सालची टोयोटा. आधी शाळेची बस होती,
आता दोन खाटा, एक शेगडी,
आणि छतावर एसीचा डबा,
जो परवापासून बोलायला लागलाय.

आधी नुसती घरघर.
मग घरघरीत मधेच एक टक.
आज दुपारी, त्रेचाळीस अंशांत,
कुणी पत्र्याच्या डब्यात खिळे घेऊन
सावकाश हलवत बसावं तसा.

"कसला आवाज?" एथल म्हणाला.
तीस वर्षं ड्रिलच्या मागे उभा राहिलेला माणूस.
त्याचा डावा कान कूबर पीडीच्या खाणीतच राहिला,
उजवा त्याला हवं तेव्हा चालतो.

पोर्ट ऑगस्टाच्या द्रागनला फोन लावला.
तो म्हणाला, बाई, आवाज करून दाखवा.
मी, वय एकाहत्तर, सगळी हयात पोस्टाच्या खिडकीत गेलेली,
भर उन्हात उभी राहून
घर्रर्र केलं. टक केलं. खुळखुळ केलं.
शेजारच्या कॅराव्हॅनमधल्या कुत्र्याने उत्तर दिलं.
"नुसत्या पंख्याला येतो, की कॉम्प्रेसर लागल्यावर?"
सांगता येईना.
तीन दिवस मी चिडत होते फक्त,
ऐकलं नव्हतं.

मग ऐकलं.
बटण पंख्यावर: टक.
बटण गारव्यावर: टक, आणि तिच्या बुडाशी घरघर.
म्हणजे एका अंगात दोन दुखणी.

शिडीवर मी, शिडी धरून एथल.
छत तव्यासारखं; गुडघ्याखाली ओला टॉवेल घेतला,
तो मिनिटात कोरडा.
झाकणाला चार स्क्रू हवेत, होते तीन.
चौथ्याच्या जागी आधीच्या मालकाने
च्युइंगम चिकटवलेलं, देव त्याचं भलं करो.
आणि आत, पंख्याच्या एका पात्यावर
कुंभारमाशीचं घर.
अंगठ्याएवढं, बोटांनी लिंपावं तसं लिंपलेलं.
तेवढ्या मातीनं सगळा पंखा एका कुशीवर कलायचा.
घर रिकामं होतं, दाराला भोक होतं.
तरी खरवडताना मी हळूच माफी मागितली.

टक गेली.
आणि टक गेली म्हणूनच
घरघर एकदम मोठी झाली,
पाहुणे उठून गेल्यावर
घरातलं जुनं भांडण ऐकू यावं तशी.

कॉम्प्रेसरच्या पायांखालचे रबर बघा, द्रागन म्हणाला,
वाळून दगड झाले असतील.
चार पाय. चारही सारखेच काळे, सारखेच तडकलेले.
कान लावावा तर आवाज सगळीकडूनच.
मी याला दाबतेय, त्याला दाबतेय,
आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

तेव्हा एथलने शिडी सोडली
(न सांगता, हे मी नंतर ऐकवलंच),
आत गेला, बूट न काढता माझ्या खाटेवर चढला,
छताला तळहात टेकवला
आणि डोळे मिटले.
खडक कुठे पोकळ आहे
ते तो असंच बघायचा.

"इथे!" आतून ओरडला. "तुझ्या उजव्या गुडघ्यापाशी!"

उजव्या गुडघ्यापाशी पाहिलं.
रबर नव्हतंच तिथे, नुसता भुगा.
त्याच्या जुन्या रबरी चपलेच्या टाचेतून
एक चकती कापून बसवली.
उरलेली चपल त्याने जपून ठेवलीय,
आणखी तीन पाय आहेत म्हणाला.

रात्री गार हवा, आवाज जेमतेम.
पावणेअकराला चार डब्यांचा ट्रक उत्तरेला गेला,
कपबशा किणकिणल्या, थांबल्या.
आणि मग, कुठूनतरी,
केसाएवढी बारीक शीळ.

मी त्याला उठवलं नाही.
त्याचा हात माझ्या बाजूला उताणा पडला होता,
तो उचलून अलगद भिंतीला लावला.

"फ्रिज," तो झोपेतच म्हणाला.