पासंग

तीन पत्रं आलीत. उत्तर शुक्रवारपर्यंत.
भवानी पेठेत बाबांच्या दुकानात,
नादुरुस्त काट्यांच्या मधल्या स्टुलावर बसून
मी वहीच्या पानावर मधोमध रेघ मारते.
डावीकडे फायदे.
उजवीकडचा रकाना जरा अरुंदच झाला,
रेघ सरळ आली नाही.

हॉलंडचं पत्र सगळ्यात देखणं.
चार वर्षं, पगार, सायकल ठेवायला जागा.
माझा विषय मात्र नको. त्यांचा तयार आहे.

पुण्याचं पत्र मीच जाऊन आणलं,
दुसऱ्या मजल्यावर, जेवणाची सुट्टी संपेपर्यंत थांबून.
पावसेकर सरांनी चहा मागवला.
म्हणाले, घर इथं, पेशंट इथं, भाषा आपली,
तीन वर्षांत हातावेगळं करू.
मी त्यांना गोदाबाईंचं सांगितलं.

ससूनची ओपीडी, बंद पंख्याखालचा बाक.
माझ्या हातात प्रश्नावली, इंग्रजीतून मराठीत आणलेली:
गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस उदास वाटलं?
एकही नाही, थोडे, बरेच, रोजच.
गोदाबाई शेलार, पिरंगुटच्या,
पदराच्या गाठीत परतीच्या बसचे सुट्टे पैसे.
त्यांनी प्रश्न नीट ऐकून घेतला आणि मलाच विचारलं,
"कुठनं धरू?
पंचमीपासनं, का लेकाच्या दहाव्यापासनं?"

रांगेत मागे बावीस जण होते.
मी 'बरेच'वर खूण केली.

सर हसले नाहीत, तेवढं त्यांचं मोठेपण.
म्हणाले, "दोन आठवडे म्हणजे चौदा दिवस, तृप्ती.
साधन प्रमाणित आहे. माणसं गोंधळतात."

हैदराबादच्या बाईंना मराठी येत नाही.
फोनवर मी त्यांना दहावा समजावून सांगत होते,
कावळ्यापर्यंत आले आणि माझं इंग्रजी संपलं.
पलीकडे बराच वेळ काहीच नाही,
नुसती कुकरची एक शिट्टी.
मग त्यांनी विचारलं,
"आणि तुम्ही कुठून धरलंत?"

तिथल्या शिष्यवृत्तीचं अजून नक्की नाही.
वसतिगृहाला प्रतीक्षायादी.
बाई आणखी सहा वर्षांनी निवृत्त होणार,
आणि माझ्यासारख्यांना सातही लागतात म्हणे.
हे सगळं उजवीकडे लिहिलं. अरुंद रकाना गच्च भरला.
डावीकडे काय लिहू?
एका बाईंनी एक प्रश्न विचारला?

बाबांनी मार्केट यार्डातून आलेली जुनी तागडी
दोन बोटांत उचलून धरली आहे.
तिच्यात काही नाही, तरी ती एका अंगाला जाते.
"आधी रिकामी बघायची," ते म्हणतात,
मला की तागडीला, कळत नाही.
मग लाखेचा तुकडा, चवळीएवढा,
मेणबत्तीवर मऊ करून
वरच्या पारड्याला खालून लावतात,
दिसू नये असा.
"पासंग. लोकांना वाटतं लबाडीसाठी.
लबाडी काढायला असतो तो, गं."

मी रिकामी असताना कुठं झुकते?
भवानी पेठेबाहेर एक रात्र काढायची
तर उशी बरोबर नेणारी मी.
"म्हणजे वेड्यांची डॉक्टर का?" विचारणारी मावशी,
तिला अजून न दिलेलं उत्तर.
आणि ती 'बरेच'वरची खूण,
चवळीएवढी,
कुठंतरी खालून चिकटलेली.

शेजारी गिऱ्हाईकाचा इलेक्ट्रॉनिक काटा पडलाय,
बटण दाबलं की शून्य.
बाबा तो मुकाट्यानं दुरुस्त करतात,
पैसेही घेतात, पण त्याच्याशी बोलत नाहीत.

मी वही मिटत नाही. तेही वहीकडे बघत नाहीत.
"तिकडं भाकरी मिळते का?"
"कुठं तिकडं?"
फुंकर मारून ते लाख गार करतात.
"जिकडची बाजू कोरी ठेवलीस, तिकडं."